मागच्या स्टुलावरचा परीक्षक

चाव्यांचा जुडगा डोक्याच्या वर धरायचा, दोनदा खुळखुळवायचा आणि शांतपणे म्हणायचं, "थांब. नाय समजलं. परत बोल."

हे करताना काकांना कधी लाज वाटल्याचं मला आठवत नाही. समोर पहिल्या वर्षाची पोरगी असो, विभागप्रमुख असोत, नाहीतर सॉफ्टवेअर विकायला आलेला टायवाला असो, कळेनासं झालं की जुडगा वर. त्या टायवाल्याने दहा मिनिटांत चार वेळा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटी घाम पुसत सांगून टाकलं की जुन्या सॉफ्टवेअरचा फक्त रंग बदललाय. काका म्हणाले, "मग हेच आधी बोलायचं ना. चहा घेता?"

तुमच्या ऑफिसात किंवा सोसायटीत असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कळलं नाही तर कळलं नाही म्हणणारा. असला तर त्याला जपा. मला तो भेटला तेव्हा मी बरेच दिवस त्याची नजर चुकवत फिरत होते, म्हणून सांगते.

काका आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लँग्वेज लॅबचे सहायक. यंत्रं शिकायच्या कॉलेजात भाषेची लॅब कशाला, असा प्रश्न माझ्या बाबांना पडला होता. पण 'आंतरराष्ट्रीय संवादासाठी इंग्रजी' हा विषय आम्हाला सक्तीचा होता. आमचं घर वसईजवळच्या गोखिवऱ्याला, तिसऱ्या मजल्यावर. बाबा राजापूरकडचे, आई घाटावरची. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. घरात इंग्रजी होतं ते टीव्हीच्या रिमोटवर. त्यामुळे इंग्रजीचा तास असला की मी शेवटची खुर्ची धरायची.

लॅबमध्ये तीस संगणक आणि तीस हेडफोन. संगणकात एक गोड आवाजाची बाई बसलेली असायची. ती हॉटेलात आलेल्या पाहुण्याची भूमिका करायला लावायची आणि आम्ही तिच्याकडे चहा मागायचा. तीसच्या तीस जण कानाला हेडफोन लावून एका सुरात चहा मागायचे. काका दाराशी उभे राहून ऐकायचे आणि तास संपला की म्हणायचे, "इतकी वर्षं रोज तीस जन चहा मागतात. अजून एकाला पन मिळाला नाय."

आता त्या चाव्यांबद्दल. लॅबला दार एक, कुलूप एक. पण काकांच्या जुडग्यात वीसेक चाव्या तरी असतील. मोडीत गेलेल्या कपाटांच्या, बदललेल्या कुलपांच्या, एक कधीच विकलेल्या सायकलची, एक कुणाच्या तरी हरवलेल्या पेटीची. मी एकदा विचारलं, "काका, एवढ्या कशाला वागवता?"

"एका चावीचा आवाज होत नाय," ते म्हणाले.

काकांचं गाव खाडीकडे. वडील मिठागरावर जायचे, घरची थोडी भातशेती. शाळा आठवीला सुटली. इंग्रजी असं ते कधी शिकले नाहीत, पण लॅबच्या मागच्या बाजूला एका उंच स्टुलावर बसून त्यांनी इतक्या वर्षांत हजारो पोरांची भाषणं ऐकली होती. त्यातून काही शब्द त्यांना चिकटले. स्टार्ट, वेट, अगेन, वॉटर, हेवी, लेफ्ट, राइट, व्हाय, असे. बोलायचे नाहीत ते, पण समोरच्याने एवढ्यात भागवलं तर सगळं त्यांच्या डोक्यात शिरायचं. त्याबाहेरचा शब्द आला की जुडगा.

"काका, जगात सगळ्यांना एवढंच इंग्रजी येत नाही हो," एकदा एक हुशार मुलगा त्यांना म्हणाला.

"निम्म्यांना तरी एवढंच येत असेल," काका म्हणाले. "तुला त्या निम्म्यांशी बोलायचं नाय काय?"

आमच्या इंग्रजीच्या मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी कधीच काकांना गप्प बसवलं नाही. उलट, पोरांच्या भाषणांच्या सरावाला त्या स्वतः पहिल्या रांगेत बसायच्या आणि काकांना स्टुलावर बसवायच्या. मॅडम चुका लिहून घ्यायच्या. काका नुसते ऐकायचे. आणि आम्ही पोरं मॅडमच्या लाल पेनापेक्षा त्या जुडग्याला जास्त घाबरायचो.

काकांची एक गंमत मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. त्यांना कळलं की ते काहीच बोलायचे नाहीत. "समजलं" हा शब्द त्यांच्या तोंडून कोणीच ऐकला नव्हता. आणि मानही हलवायचे नाहीत. आपल्याकडे दुसऱ्याचं ऐकताना मान आपोआप डोलते, वाक्य अर्धं असतानाच "हो हो, बरोबर" सुरू होतं. काकांची मान खांबासारखी. समोर बोलणाऱ्याला वाटायचं, यांना राग आलाय.

त्यामागची गोष्ट त्यांनीच एका दुपारी डबा खाताना सांगितली. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी जाता जाता त्यांना इंग्रजीत एक लांबलचक काम सांगितलं. काकांना त्यातलं 'गेस्ट' आणि 'टेन' एवढंच कळलं. पण साहेब समोर उभे, आपण नवीन, म्हणून मुंडी हलवली आणि "समजलं सर" म्हणून टाकलं. मग दहा खुर्च्या पुसून ओळीने मांडल्या आणि वाट बघत बसले.

काम असं होतं की परदेशातून आलेल्या प्राध्यापकांना दहा वाजता वसईच्या एसटी स्टँडवरून घेऊन यायचं. ते बिचारे बॅग घेऊन एकपर्यंत स्टँडवर उभे. शेवटी वडापाव खाऊन, रिक्षावाल्याला कागद दाखवून स्वतःच पोचले.

"सायेब मला लय बोलले," काका म्हणाले. "मी काय त्या पाहुन्याला उभा नव्हता केला. माझ्या मुंडीने उभा केला."

"आणि ते पाहुणे?"

"ते हसत होते. माझ्याजवळ बसले, एकेक शब्द सुटा करून बोलले. मला सगळं कळलं. सायेबाचं इंग्रजी कळलं नव्हतं, पाहुन्याचं कळलं." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "त्या दिवसापासून समजलं म्हनायचं सोडलं. तो शब्द लय सोपा पडतो तोंडाला."

मी हसले. मला वाटलं, काय साधा माणूस आहे. मला त्या वेळी कल्पना नव्हती की माझ्या मुंडीने थोड्याच महिन्यांत याहून मोठा पराक्रम करायचा आहे.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला परदेशातल्या विद्यार्थ्यांबरोबर मिळून प्रकल्प करायचा होता. माझ्या गटात निर्मळ गावचा निनाद आणि पोलंडची एक मुलगी. तिचं नाव काशा. निनादच्या घरी केळीची वाडी आहे. केळीचा घड कापला की तो खांद्यावर घेऊन वाडीबाहेर आणावा लागतो, आणि तसं करून करून त्याच्या बाबांचा उजवा खांदा कायमचा धरला होता. म्हणून आम्ही घड झेलणारी, खाली उतरवणारी आणि वाहून नेणारी एक हातगाडी करायची ठरवली. माहिती आम्ही द्यायची, आराखडे काशाने काढायचे, गाडीचं गणित तिघांनी. शेवटी तीन देशांतले परीक्षक पडद्यावर बसणार आणि त्यांना पटलं तर गाडी खरोखर बांधायला मिळणार. निनादला ती गाडी बाबांसाठी हवी होती. आणि मला? मला एकदाचं सिद्ध करायचं होतं की मीही परदेशातल्या माणसाशी बोलू शकते.

बोलायचं काम माझ्यावर आलं, कारण निनाद कॅमेरा बघितला की दगड व्हायचा. आठवड्यातून दोनदा दुपारी लॅबमध्ये बसून मी काशाशी बोलायचे. ती भरभर बोलायची आणि तिचे उच्चार मला परके वाटायचे. मी मात्र तयारीची. पाठ केलेली वाक्यं मी अशा वेगाने फेकायचे की निनाद तोंड उघडं टाकून बघत बसायचा. ती काही विचारायला लागली की मी हसून मान डोलवायचे. "येस. येस. ॲब्सोल्यूटली." मध्येच लाइन तुटायची, त्याचाही मला आधार वाटायचा.

एकदा असा कॉल संपला आणि मी हेडफोन काढत होते, तेव्हा मागून काकांनी हाक मारली. आमचं बोलणं त्या दिवशी स्पीकरवर होतं.

"काय गो बाय, तू आज तीनदा येस म्हनालीस. तिने काय विचारलं?"

"केळ्यांबद्दल विचारत होती, काका."

"केळ्यांबद्दल काय?"

"असंच... जनरल."

काकांनी जुडगा उचलला, पण वाजवला नाही. परत खाली ठेवला. मी पर्स घेतली आणि घाईघाईने बाहेर पडले. त्यानंतर कॉल असला की मी काकांच्या जेवणाची वेळ साधायची.

तीन आठवड्यांनी काशाचा आराखडा आला. सुरेख, रंगीत, प्रत्येक माप दिलेलं. निनाद स्क्रीनजवळ गेला, लांब गेला, परत जवळ आला.

"ही केळी कुठली?" त्याने विचारलं. "उलटी का आहेत?"

वाडीत वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. घड झाडाला खाली लोंबतो, पण त्यातली केळी वरच्या दिशेला वळलेली असतात. काशाने जन्मात केळीचं झाड पाहिलं नव्हतं. तिने केळी खाली लोंबणारी धरली होती आणि घड अलगद बसावा म्हणून गाडीला तशाच खाचा दिल्या होत्या. त्या गाडीत आमचा घड ठेवला असता तर निम्मी केळी मोडून हातात आली असती. आणि तिच्या कॉलेजात नमुन्यासाठी त्या मापाने पत्रा कापूनही झाला होता.

"कमाल आहे बाई!" मी म्हणाले. "एवढी शिकलेली, आणि साधं केळं माहीत नाही?"

"तिने विचारलं होतं," मागून काका म्हणाले. ते स्टुलावर आहेत हे मी विसरलेच होते. "हात असा खाली करून दाखवत होती. तू येस म्हनालीस. मी होतो ना इथे."

माझे कान गरम झाले. खरंच होतं. तिने हाताची बोटं खाली करून दाखवली होती, मला आठवलं. मला वाटलं होतं, ती मला बाय करतेय.

परीक्षकांसमोर जायला तीन आठवडे उरले होते. निनाद बिचारा माझ्यावर चिडलाही नाही, त्याचंच मला जास्त लागलं. त्याने एक मार्ग सुचवला. प्रत्यक्ष जागेवरची परिस्थिती बदलली, असं काहीतरी कळवून टाकायचं. मला तो फारच आवडला. मी ताबडतोब ईमेल लिहायला घेतलं. एरवी न सुचणारे शब्द त्या दिवशी मला भराभर सुचले. अनपेक्षित मर्यादा, तांत्रिक पुनर्विचार, स्थानिक घटकांचा प्रभाव. वाचून बघताना मलाच वाटलं की चूक केळ्यांचीच आहे.

"वाच बघू मोठ्याने," काका म्हणाले.

पहिल्या वाक्याला जुडगा वाजला. मी ते सोपं केलं. परत वाजला. दुसरं वाक्य वाचलं, वाजला. मी चिडून म्हणाले, "काका, तुम्हाला नाही कळणार ते, हे ऑफिशियल आहे!" त्यांनी जुडगा हातातच ठेवला. शेवटी वाक्यं खोडत खोडत पडद्यावर तीनच उरली. तू विचारलंस. मला कळलं नाही. तरी मी हो म्हणाले.

जुडगा वाजला नाही.

"आता हे लिहू नको," काका म्हणाले. "लाव तिला. तोंडाने बोल."

मी त्यांच्यावर खूप रागावले होते. एवढी रागावले होते की त्या रागातच कॉल लावला. समोर काशा आली, केस बांधलेले, हातात चहाचा मग. मी पाठ केलेलं काहीही न बोलता ती तीन वाक्यं बोलले.

काशाने हातातला मग खाली ठेवला. आता ही रडते, चिडते की मॅडमकडे तक्रार करते, असं मला झालं. मग ती हळूहळू बोलू लागली. पहिल्यांदाच हळू बोलली असेल. म्हणाली, तुझं बोलणं मलाही कळत नाही. तू खूप वेगाने बोलतेस. मी आपली ओके ओके म्हणते. मग आपल्या कॉलचं रेकॉर्डिंग घरी दोन-दोनदा ऐकते, तरी अर्धं राहतं. मला वाटायचं तुझं इंग्रजी फार चांगलं आहे आणि माझंच वाईट आहे.

मागून जुडगा वाजला. "काय म्हनाली?"

मी सांगितलं. काका क्षणभर माझ्याकडे, क्षणभर पडद्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले की स्टूल हललं. "म्हनजे इतके आठवडे दोघी नुसत्या येस-ओके, येस-ओके खेळत होतात!"

काशाने विचारलं, हे कोण? आणि तो आवाज कसला? मी काकांना कॅमेऱ्यासमोर ओढलं. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, जुडगा उंच धरला आणि दोनदा खुळखुळवला. मी त्याचा अर्थ सांगितला. काशाने शेजारचा चमचा उचलला आणि मगवर दोनदा आपटला. टिण टिण. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. कळलं नाही की इकडून चाव्या, तिकडून चमचा. आणि कळलं असं वाटलं, तर समोरचीचं म्हणणं आपल्या शब्दांत तिला परत सांगायचं. तिने "हेच" म्हटलं की पुढे जायचं. पहिल्या दिवशी तासाभरात आमचे दोनच मुद्दे झाले, पण ते दोन्ही खरे झाले.

दुसऱ्या दिवशी मी निनादच्या स्कूटरवर मागे बसून निर्मळला गेले आणि वाडीत फोन धरून काशाला जिवंत घड दाखवला. ती ओरडलीच. "वर? केळी वर?" निनादचे बाबा कोयता हातात घेऊन कौतुकाने बघत होते. त्यांना राहवेना.

"हिच्याकडे केळी होत नाहीत? मग ह्या लोकांनी उपासाला काय खायचं? विचार जरा."

मी विचारलं. काशाने मन लावून उत्तर दिलं की उपवासाला त्यांच्या घरी मांस चालत नाही, मासे खातात. हे मराठीत सांगू की नको, असं मला झालं. उपास आणि मासे! माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने फोनवर पाणी शिंपडलं असतं. पण निनादचे बाबा मुळीच दचकले नाहीत.

"हां, आपल्या बाजूच्या ख्रिस्ती मंडळींसारखं. ते पण शुक्रवारी मांस सोडतात न् मासे खातात," ते म्हणाले. "चांगली आहे मुलगी. तिला म्हणावं, गाडीला पुढून धरायला दांडा दे."

पुढचे दिवस सरावाचे. मी संध्याकाळी लॅबमध्ये उभी राहून बोलायची आणि काका स्टुलावर. पहिल्या दिवशी मी सुरुवात केली की आमची गाडी मानवी शरीररचनेला अनुकूल आहे वगैरे. त्यासाठी इंग्रजीत एक भारी शब्द आहे, तो मी वापरला. जुडगा वाजला.

"म्हनजे काय?"

"म्हणजे माणसाच्या शरीराला सोयीची, काका."

"कोनच्या मानसाच्या?"

"निनादच्या बाबांच्या. त्यांचा खांदा दुखतो ना."

"मग तसं बोल ना बाय. त्याचा खांदा दुखतो, म्हनून ही गाडी."

आणि आमच्या भाषणाचं पहिलं वाक्य तेच झालं. निनादच्या बाबांचा खांदा दुखतो. मॅडमनी ऐकून लाल पेनाचं टोपण लावलं. जुडग्याचे आवाज रोज कमी होत गेले. शेवटच्या संध्याकाळी एकदाही वाजला नाही, तेव्हा मला वाटलं काका झोपले. जाऊन पाहिलं तर टक्क जागे.

"काका, सगळं समजलं?"

त्यांनी मान हलवली नाही. "वाडीत चिखल असतो तेव्हा गाडी कशी चालनार?" एवढंच विचारलं. म्हणजे समजलं होतं.

परीक्षेच्या दिवशी पडद्यावर तीन चौकटींत तीन परीक्षक. निनाद माझ्या शेजारी, काशा तिच्या चौकटीत, मॅडम पहिल्या रांगेत. काका मागे स्टुलावर होते आणि त्यांनी चाव्या रुमालात गच्च बांधून मांडीवर ठेवल्या होत्या, चुकून आवाज व्हायला नको म्हणून. मी खांद्यापासून सुरुवात केली आणि गाडीपर्यंत नीट पोचले.

मग एका वयस्क परीक्षकांनी प्रश्न विचारला. कुठल्यातरी लांबच्या देशातले होते. प्रश्न चांगला मिनिटभर चालला आणि मला त्यातला 'व्हील' सोडून एक शब्द कळला नाही. शेजारी पाहिलं तर निनादची मान डोलू लागली होती. माझीही मान हलणार होती. मानेला सवयच ती. मी मागे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते. रुमालाची गाठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. ते मला मदत करणार नव्हते.

"सर, मला कळलं नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "कृपया परत सांगा. हळू."

मॅडमनी श्वास रोखला. परीक्षकांनी परत सांगितलं. मला जे वाटलं ते मी त्यांना माझ्या शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, नाही, तसं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी चाक करून दाखवलं, ते चाक खाली बुडवलं आणि बुडालेल्या चाकाकडे बघून तोंड वाईट केलं. आणि मला कळलं. चिखलात चाक रुतलं तर? ते तर काकांनी आदल्या संध्याकाळीच विचारलं होतं! त्यानंतर घरी जाऊन मी, निनाद आणि काशाने फोनवर त्याच्यावरच दोन तास घातले होते. मी रुंद चाकांचं सगळं सांगितलं. वाडीतला पावसाळा सांगितला. चाकाला बांधायच्या जुन्या टायरच्या पट्ट्या सांगितल्या.

परीक्षक मिशीत हसले. म्हणाले, "सकाळपासून मला वाटत होतं, माझं इंग्रजी इथे सगळ्यांना कळतंय."

काशाच्या चौकटीतून टिण टिण ऐकू आलं. तिला ते वाक्य कळलं नव्हतं.

आमची गाडी मंजूर झाली. पहिला नंबर दुसऱ्याच गटाचा आला, पण निनादच्या बाबांना त्याचं काही नव्हतं. गाडी आजही निर्मळला चालते आणि तिच्यावरून केळ्यांइतकाच फुलांच्या टोपल्यांचा आणि नातवंडांचाही प्रवास होतो. मी आता घराजवळच, गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात आहे. आमचे व्हॉल्व्ह बाहेरच्या देशांत जातात आणि त्या लोकांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. माझं इंग्रजी अजून साधंच आहे. समोरचा लागोपाठ तीन वेळा येस म्हणाला की मी काय बोलले ते त्यालाच सांगायला लावते. काही जण चिडतात, पण चुकीच्या मापाचा माल अजून तरी गेलेला नाही.

लॅबच्या दाराला आता कार्डाने उघडणारं कुलूप आहे, असं ज्युनिअर मुलं सांगतात. त्याला चावीच नाही.

काका त्याच वर्षी, आमचा प्रकल्प संपला त्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त झाले. समारंभ लॅबमध्येच झाला. प्राचार्यांनी भाषणात काकांच्या अमूल्य योगदानाचा आणि समर्पित सेवावृत्तीचा गौरव केला. आम्ही सगळे काकांच्या हाताकडे बघत होतो. प्राचार्यही बघत होते. पण काकांनी शहाण्यासारखा हात खाली ठेवला. शाल घेतली, नारळ घेतला. ऑफिसच्या क्लार्कने चावी मागितली तेव्हा त्यांनी जुडग्यातून लॅबची एक चावी सोडवून दिली. बाकीच्या कुठल्याच कुलपाच्या नव्हत्या, त्या त्यांच्याकडेच राहिल्या.

मी त्यांच्या मागोमाग सायकल स्टँडपर्यंत गेले. नारळ त्यांनी कॅरिअरला लावला आणि शाल घडी करून पिशवीत घातली. मला खूप बोलायचं होतं. घरून ठरवून आले होते.

"काका, तुमच्या मार्गदर्शनामुळे माझ्या व्यक्तिमत्त्वाला जी दिशा मिळाली..."

जुडगा वर गेला. आवाज एका चावीने कमी होता, एवढंच. "थांब. नाय समजलं. परत बोल."

"म्हणजे, तुम्ही मला जे शिकवलंत ते मी आयुष्यभर..."

परत वाजला. या वेळी जरा हळू. ठरवलेलं सगळं संपलं होतं. मी खाली बघितलं. त्यांच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

"काका," मी म्हणाले, "उद्यापासून मागे स्टुलावर तुम्ही नसणार. मला भीती वाटते."

चाव्या वाजल्या नाहीत. काकांनी त्या खिशात टाकल्या. सायकलचा स्टँड पायाने वर केला. मग त्यांनी मान हलवली, एकदाच, पण अगदी खालपर्यंत.

"समजलं," ते म्हणाले.